जपान दुसरा की कोरिया? हुरड्याची पैज आणि आशियाई पदकतक्ता

सुताचा_गुंता · रविवार, रात्री १०:४०

मंडळी, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतोय, माफ करा.

परवा सगळे सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या जत्रेला गेलो होतो. पोरं पाळण्यात, बायका बांगड्यांच्या दुकानात, मी अन् मेव्हणा भज्यांच्या गाड्यावर. यंदा सप्टेंबरात जपानात नागोयाला आशियाई स्पर्धा आहे, त्यावरून विषय निघाला. मी म्हणालो, मागच्या वेळी, २०२३ ला हांगझोऊला चीन पहिला, जपान दुसरा, कोरिया तिसरा, आपण चौथे. मेव्हणा म्हणतो, "दाजी, कोरिया दुसरा." झालं. पैज लागली. हरेल त्यानं दोन्ही घरांना हुरडा खायला न्यायचं.

घरी येऊन आकडे काढले तर नवीनच घोळ. जपानची ५२ सुवर्णं, ६७ रौप्य, ६९ कांस्य, बेरीज १८८. कोरियाची ४२, ५९ आणि ८९, बेरीज १९०. मी दहा सुवर्णं धरून बसलोय, तो दोन पदकं धरून बसलाय. बायको दोघांशी बोलत नाही.

दोन्ही घरची मिळून चौदा माणसं होतात आणि टॉवेलच्या धंद्याची सध्याची गत तुम्हाला माहीतच आहे. निकाल लावा.

कडक_भाकरी · रविवार, रात्री १०:५२

का बे, गड्ड्यावर जाऊन पदकतक्ता? भजी गार झाली असतील की.

आकडेमोड · रविवार, रात्री ११:०५

पैज "दुसरा कोण" यावर होती, "पदकं जास्त कुणाची" यावर नव्हती. आपल्याकडं आधी सुवर्ण बघतात, ती सारखी असतील तर रौप्य, मग कांस्य. अमेरिकेतले पेपर बेरीज बघतात. पैज गड्ड्यावर लागली, तर तक्ताही इथलाच धरायचा. जपान.

मला मात्र दोन्ही पद्धती पटत नाहीत. सुवर्ण आधी धरलं की काय होतं बघा. बहारीन: १२ सुवर्णं, एकूण पदकं जेमतेम २०, नंबर नववा. कझाकस्तान: १० सुवर्णं, २२ रौप्य, ४८ कांस्य, नंबर अकरावा. ८० पदकंवाला २० पदकंवाल्याच्या खाली! म्हणून मी सुवर्णाला ३, रौप्याला २, कांस्याला १ असे गुण देऊन बघितले. चीन ८९६, जपान ३५९, कोरिया ३३३, भारत २०१. कझाकस्तानचे १२२ होतात अन् बहारीनचे ४७. जपान इथंही पुढंच आहे, त्यामुळे मेव्हण्यांना सांगा, कणसं बघायला लागा.

आपला चौथा नंबर तिन्ही पद्धतींत चौथाच राहतो, हे जाता जाता.

पुण्यातला_सोलापूरकर · सोमवार, सकाळी ९:१२

ऑफिसातून लपून लिहितोय. माणसं मोजा हो आधी. बहारीनची वस्ती १५ लाखांच्या आसपास आणि पदकं २०, म्हणजे पाऊण लाखामागं एक. आपण १४० कोटी, पदकं १०७. एका पदकामागं एक कोटी तीस लाख माणसं. आपला जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांचा होता. त्या दरानं अकरा तालुक्यांत मिळून एक तृतीयांश पदक येतं. चौथा नंबर म्हणून पेढे कसले वाटताय?

कडक_भाकरी · सोमवार, सकाळी ९:२०

तृतीयांश म्हणजे नुसती फीत आली वाटतं. ती बार्शीला देऊन टाका, नाहीतर उगं भांडण होईल.

भगवंताचा_बार्शीकर · सोमवार, सकाळी ९:४१

बार्शीकर इथं वाचतायत, एवढं ध्यानात ठेवून लिहा.

आकडेमोड · सोमवार, दुपारी १:१५

@पुण्यातला_सोलापूरकर, ते धावपटू बहारीनच्या १५ लाखांत जन्मले असते तर तुमचा भागाकार बरोबर होता. विनफ्रेड यावी मूळची केनियाची. महिलांची १५०० मीटर आणि ३००० मीटर स्टीपलचेस, दोन्ही सुवर्णं तिची. आपल्या पारुल चौधरीला स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळालं ते तिच्याच मागं. पुरुषांच्या ५००० मीटरला अविनाश साबळेच्या पुढं गेलेला बिरहानु बालेव इथिओपियाचा. पदकं बहारीनच्या खात्यात, भागायला लोकसंख्याही बहारीनची, हे कसं जमायचं?

डाव_पेच · सोमवार, दुपारी १:३०

म्हणजे विकत घेतलेली पदकं. आमच्याकडं जत्रेच्या फडात बाहेरचा पैलवान गावच्या नावानं उतरवला तर पंच जोड सोडवतात.

पूर्व_भागातला · सोमवार, दुपारी २:०८

"विकत" हा शब्द मला बरा वाटत नाही. आमचे पणजोबा मागावर काम करायला तेलंगणातून सोलापुरात आले. पोट भरायला आले, दुसरं काय. घरात आम्ही आजही तेलुगू बोलतो. त्यांनी विणलेल्या चादरीला कुणी तेलंगणी चादर म्हटलं नाही, सोलापुरीच म्हणतात. मग त्या पोरीनं जिथं ट्रॅक मिळाला तिथं धाव काढली तर ते पदक खोटं कसं?

डाव_पेच · सोमवार, दुपारी २:१६

चादरीचं बोललात तिथं मी गप्प.

आकडेमोड · सोमवार, दुपारी २:४०

मी फक्त भागाकाराबद्दल बोलत होतो. बहारीनवरून आठवलं. जकार्ता २०१८ ला मिश्र ४ गुणिले ४०० रिलेत ते पहिले आले होते, आपण दुसरे. पुढं त्यांची एक धावपटू उत्तेजक चाचणीत दोषी ठरली आणि आपलं रौप्य सुवर्ण झालं. तिच्या ४०० मीटर अडथळ्यांच्या पदकामुळं आपलं एक कांस्यही वाढलं. स्पर्धा संपली तेव्हा आपली १५ सुवर्णं आणि ६९ पदकं होती, आज वहीत १६ आणि ७० आहेत. पैज लावताना "कोणत्या तारखेचा तक्ता" हेही ठरवत जा.

अण्णा_पार्कवाले · सोमवार, सायंकाळी ६:३०

मी पीटीचा मास्तर, आता निवृत्त. पार्क मैदानाला संध्याकाळी चार फेऱ्या मारतो, म्हणून हे नाव. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

हांगझोऊची कामगिरी आजवरची सर्वोत्तम, असं सगळीकडं छापून आलं. पदकं मोजली तर आहेच, २८ सुवर्णं यापूर्वी कधी नव्हती. पण सुवर्णं वाटली किती गेली? १९५१ ला दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली तेव्हा अकरा देश होते आणि सुवर्णं ५७. त्यातली १५ आपली, जपानच्या खालोखाल. म्हणजे चारातलं एक सुवर्ण आपल्याकडं, वर थोडी शिल्लक. हांगझोऊला ४८० च्या वर सुवर्णं होती. शंभरात सहासुद्धा आपल्याला आली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, १९५१ ला चीन नव्हता आणि कोरियात युद्ध पेटलं होतं. खरं आहे. वर्गातली हुशार पोरं गैरहजर असताना आलेला नंबर तो. चीन आला १९७४ ला, तेहरानला. १९७८ पर्यंत जपान पहिला असायचा. १९८२ च्या दिल्लीपासून चीन जो वर चढला तो उतरलेला नाही. आपलं मात्र उलटं झालं. दिल्लीत घरच्या मैदानावर १३ सुवर्णं, चार वर्षांनी सोलला पाच. त्या पाचातली चार पी. टी. उषाची, रिलेतल्या तिच्या जोडीदारणी धरून, आणि पाचवं पैलवान कर्तारसिंगचं. १९९० ला बीजिंगला आख्ख्या देशाला मिळून एक. कबड्डीचं. कबड्डी त्याच वर्षी पहिल्यांदा पदकाचा खेळ झाली म्हणून वाचलो.

ते सुवर्ण आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी पोरांना उभं करून कौतुकानं सांगितलं. मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "सर, मग आपला कबड्डीचा तास बंद का केला?" तो तास दहावीच्या गणिताला दिला होता. मी "बसा" म्हणालो. काय सांगणार होतो?

सुताचा_गुंता · सोमवार, रात्री ९:०५

अण्णा, नमस्कार. मी तुमच्याच हाताखालचा असेन कदाचित, शिट्टीची पद्धत ओळखीची वाटते.

पैज राहू द्या बाजूला. मला आता हे कळून घ्यायचंय की ही सुवर्णं असतात तरी कुठं. चीनला २०१ मिळाली, ती कशाकशात?

आकडेमोड · सोमवार, रात्री १०:२२

आपली २८ आधी मांडतो. नेमबाजी ७, ॲथलेटिक्स ६, तिरंदाजी ५. कबड्डी, क्रिकेट आणि स्क्वॉश प्रत्येकी २. हॉकी, टेनिस, बॅडमिंटन आणि घोडेस्वारी प्रत्येकी १. तिरंदाजीतली पाचही कंपाउंड प्रकारातली, पुली लावलेल्या धनुष्याची. त्यात तीन सुवर्णं नागपूरच्या ओजस देवतळेची. महिला संघात साताऱ्याची आदिती स्वामी. ओजसही साताऱ्यातच शिकला.

आता चीन. एकट्या पोहण्यात ४१ सुवर्णं असतात. त्यातली २८ चीननं नेली.

हो, २८. आपल्या आख्ख्या पथकानं दहा खेळांत मिळून जितकी मिळवली, तितकी त्यांनी एका तलावातून काढली. झांग युफेई नावाच्या एका मुलीची सहा. आपलं पोहण्यात एकही पदक नाही. कबड्डीत डझनभर पोरं आठवडाभर अंगावर माती घेतात (मॅट म्हणा हवं तर) आणि तक्त्यात एक आकडा पडतो. तलावात एकच माणूस फ्रीस्टाईल पोहतो, बटरफ्लाय पोहतो, रिलेत उतरतो आणि गळ्यात पदकांची माळ घालून घरी जातो. तक्त्यात वर जायचं तर पाण्याला पर्याय नाही.

कडक_भाकरी · सोमवार, रात्री १०:३०

पाणी? आमच्याकडं नळ आला की आम्ही पोहत नाही, पिंपं भरतो. तेही चार-पाच दिवसांनी एकदा. बादली उचलून पळणं हा प्रकार स्पर्धेत आला तर आमच्या गल्लीतनं तीन सुवर्णं फिक्स.

अण्णा_पार्कवाले · मंगळवार, सकाळी ७:१०

हसू आलं, पण आठवण करून देतो. १९५१ ला भारताचं आशियाई स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण पोहण्यातलंच होतं. सचिन नाग, १०० मीटर फ्रीस्टाईल. त्यानंतर पोहण्याच्या शर्यतीत आपल्याला सुवर्ण मिळालेलं नाही. खजानसिंगचं १९८६ चं रौप्य, आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं २०१० चं कांस्य, २०१४ ला संदीप सेजवालचं कांस्य. सत्तर वर्षांवरची यादी बोटांवर मोजून होते.

तळ्याकाठी · मंगळवार, दुपारी १२:४८

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी डायव्हिंग करते. बाहेरच्यांना पटत नाही पण सोलापूरची मुलं राष्ट्रीय स्पर्धांत डायव्हिंगची पदकं आणतात, वर्षानुवर्षं आणतायत.

हांगझोऊला डायव्हिंगची दहा सुवर्णं होती. एक मीटर, तीन मीटर, दहा मीटरचा प्लॅटफॉर्म, शिवाय जोडीनं मारायच्या उड्या. मुलांच्या पाच आणि मुलींच्या पाच. दहाच्या दहा चीनची. मुलीबरोबर बसून मी बघितलं. तिनं मला एकच गोष्ट दाखवली, पाण्यात शिरताना पाणी उडत नाही ती. हात जुळवून तळवा सपाट करून शिरतात, पाणी नुसतं फाटल्यासारखं होतं. ती म्हणाली, "आई, हे पाण्यात शिकत नाहीत, जमिनीवर शिकतात." स्पंजच्या खड्ड्यात, कमरेला दोर बांधून, आरशासमोर. पाण्यातली एक उडी म्हणजे वर चढा, मारा, बाहेर या, परत चढा. तासात मोजून किती होणार? जमिनीवर त्याच्या कितीतरी पट होतात.

इथं कसं चालतं ते सांगते. उन्हाळ्यात ती जिथं शिकते तो तलाव मध्ये कित्येक महिने बंद होता. कधी पाणी नाही, कधी दुरुस्ती. तेव्हा तिचे सर पोरांना मैदानावर नेऊन जुन्या गाद्यांवर कोलांट्या घ्यायला लावायचे. उड्या थांबू दिल्या नाहीत. ताशी किती उड्या, हे वहीत लिहून ठेवलंय त्यांनी. तुमच्या पदकतक्त्यात ती वही कुठं बसते, मला माहीत नाही.

पूर्व_भागातला · मंगळवार, दुपारी १:०२

ताई, गाद्या लागल्या तर सांगा. आमच्या पलीकडच्या गल्लीत गादी कारखाना आहे, बोलून बघतो.

तळ्याकाठी · मंगळवार, दुपारी १:२०

खरंच लागतील. व्यनि (खासगी निरोप) करते.

डाव_पेच · मंगळवार, रात्री ८:४५

गाद्यांवरूनच पुढं बोलतो. १९६२ ला जकार्ताला मारुती माने आणि गणपतराव आंदळकर, दोघांनी सुवर्ण आणलं. दोघं सांगली जिल्ह्यातले. माने फ्रीस्टाईलला, आंदळकर ग्रीको-रोमनला, आणि दोघांनी दुसऱ्या प्रकारात रौप्यही घेतलं. म्हणजे माती कपाळाला लावून वाढलेला गडी गादीवरही जिंकत होता. हांगझोऊला आपल्याला कुस्तीत सहा पदकं, सुवर्ण एकही नाही. दीपक पुनियाचं एक रौप्य, बाकी पाच कांस्य. त्या वर्षी महासंघाचं काय चाललं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, परत उगाळत नाही.

आमच्या मोहोळकडं आजही तालमी भरलेल्या आहेत. पण पोराला विचारा काय व्हायचंय, तो म्हणणार महाराष्ट्र केसरी. आशियाई म्हणणार नाही. केसरी झाला की गावात मिरवणूक निघते, चांदीची गदा मिळते. त्याला नागोया कुठं हेच माहीत नाही.

वेळापूरकर · मंगळवार, रात्री ९:३०

सगळे आहे त्या खेळांचंच बोलतायत. खेळच आपले घाला की! २०१८ ला इंडोनेशियानं घरच्या स्पर्धेत पेंचाक सिलाट हा त्यांचा खेळ पदकाला घातला. ३१ सुवर्णं मिळाली, त्यातली १४ सिलाटची, आणि चौथा नंबर. हांगझोऊला सिलाट नव्हतं, सात सुवर्णांवर घरी आले. उझबेकांची कुराश ही कुस्तीही तशीच घुसलेली.

मग खो-खो का नको? १९८२ ला दिल्लीत प्रदर्शनी सामने झाले होते, पुढं काही नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो. आमच्या वेळापूरचा रामजी कश्यप संघात होता. गाव झोपलं नाही त्या रात्री. खो-खो आला तर दोन सुवर्णं लिहून ठेवा.

अण्णा_पार्कवाले · बुधवार, सकाळी ७:२५

वेळापूरकर, उमेद चांगली आहे. पण पदकाला खेळ आला की दुसरे देशही शिकतात. कबड्डीत पुरुषांनी १९९० पासून २०१४ पर्यंत सात सुवर्णं ओळीनं आणली. २०१८ ला उपांत्य फेरीत इराणनं हरवलं. महिला अंतिम सामन्यात इराणकडूनच २७-२४ हरल्या. आणि त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या बाई कोण, तर शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या.

त्या दिवशी मी वाईट वाटून घ्यावं की नाही, हेच ठरेना. मराठी बाईनं परदेशात जाऊन त्यांच्या मुलींना पकड आणि बोनस शिकवला आणि आपल्याला हरवलं. मास्तर म्हणून मला तर आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

हांगझोऊला दोन्ही सुवर्णं परत आली, पण कशी? महिला चिनी तैपेईशी (म्हणजे तैवानशी) २६-२५, एका गुणानं. तेच भारताचं शंभरावं पदक. पुरुष इराणशी ३३-२९, तेही मध्ये तासभर खेळ थांबून, नियमाचा कीस पाडून. मला विचाराल तर १९९० च्या सोप्या सुवर्णापेक्षा हे मोठं.

वेळापूरकर · बुधवार, सकाळी ८:०२

विश्वचषकाच्या दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होता, अण्णा. म्हणजे शिकतायत. येऊ द्या. खो बसल्यावर कोण कुठल्या देशाचा, ते कुठं कळतंय?

कोरिया_दुसरा · बुधवार, रात्री १०:११

दाजी, मी आहे. तीन दिवस वाचतोय. माझं नाव न घेता मला सगळ्या सोलापूरसमोर हरवलंत.

आकडेमोड साहेबांचा एक मुद्दा मी धरतो. तक्ता नंतरही बदलतो, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हा पैजेचा निकाल नागोया होईपर्यंत राखून ठेवावा, ही विनंती.

सुताचा_गुंता · बुधवार, रात्री १०:१९

नागोया १९ सप्टेंबरला सुरू होतंय. हुरडा तोवर थांबत नसतो, भाऊसाहेब. आत्ता दाणा दुधात आहे, पंधरा दिवसांत ज्वारी होईल.

आकडेमोड · बुधवार, रात्री १०:३१

खर्च ३३३ ला ३५९ या प्रमाणात वाटून घ्या. कमी गुणवाल्यानं मोठा वाटा उचलायचा. मेव्हण्यांचा साधारण ५२ टक्के येतो, दाजींचा ४८.

कोरिया_दुसरा · बुधवार, रात्री १०:४०

मंजूर. रविवारी मंगळवेढ्याच्या रानात. बाजार आमटी मी करणार, तिखट कमी करणार नाही. शेंगाचटणी अक्कानं आणावी. अण्णा, तुम्हीही या. पूर्व भागातले, तळ्याकाठच्या ताई, पोरीला घेऊन या.

सुताचा_गुंता · बुधवार, रात्री १०:५२

अक्काला दाखवलं. ती विचारतेय, माणसं चौदाची किती झाली ते आकडेमोड साहेबांना विचारून आधी सांगा, चटणी त्या हिशेबानं कुटायला घेते.